पाचवा खडा

माझ्या थोरल्या भावाकडे फोटोच्या रिळाची एक काळी डबी होती. छायाचित्रे रिळावर काढली जात त्या काळात अशा डब्या वर्तमानपत्राच्या कार्यालयात ढिगाने पडलेल्या असत. मी त्यातल्या काही घरी आणल्या होत्या. वहिनीने एकीत सुया ठेवल्या, एकीत तिकिटे. भावाने एकीत स्वतःचे मुतखडे ठेवले. चार होते. पाहुणे आले की तो डबी कानाशी हलवून विचारायचा, "किती हायेत, वळखा."

चारही त्याने चहाच्या जुन्या गाळणीत पकडले होते. ती गाळणी न्हाणीघराच्या दारामागे खिळ्याला टांगलेली असे. चुकून पुन्हा स्वयंपाकघरात येऊ नये म्हणून वहिनीने तिच्या दांडीला लाल दोरा बांधला होता. दुखणे सुरू झाले की तो दर वेळी गाळणी धरून बसायचा. खडा पडला की धुऊन, उन्हात वाळवून डबीत टाकायचा.

ही हकिकत त्याच्या डाव्या किडनीची आहे. ती गेली. ती वाचली असती का, आणि तिच्या जाण्यात माझा किती भाग आहे, हे जमेल तितके नेमके लिहून ठेवायचे आहे.

भाऊ जालन्याच्या एमआयडीसीत एका रोलिंग मिलमध्ये कामाला होता. भट्टीतून लाल झालेला लोखंडाचा ठोकळा बाहेर येतो, फिरत्या लोखंडी रुळांमधून दाबला जात पुढे सरकतो आणि शेवटी त्याची सळई होते. मधल्या टप्प्यावर लांब चिमट्याने सळईचे तोंड धरून पुढच्या रुळात घालणारी माणसे असतात. भाऊ बावीस वर्षे ते काम करत होता. तिथे कोणी सलग उभा राहू शकत नाही. अर्धा तास भट्टीसमोर, अर्धा तास बाहेर, अशा दोन टोळ्या आलटून पालटून काम करतात. आत जाताना पोटात पाणी डुचमळले की वाकता येत नाही, म्हणून जाण्याआधी कोणी पीत नाही. बाहेर आल्यावर पिंपाशी उभे राहून सगळे एकदम पितात.

पिंप एका पत्र्याच्या खोलीत होते. त्याच्या शेजारी फळीवर स्टीलचा एक डबा असे. डबा आमच्या घरचा होता. वहिनीचे लग्नाआधीचे नाव त्यावर कोरलेले होते. कधी काळी भावाने त्यातून शेंगदाण्याचे लाडू नेले होते आणि रिकामा डबा तिथेच राहिला. पुढे त्यात दुखण्याच्या गोळ्यांच्या पट्ट्या आल्या. कंबर, खांदे, मनगटे यांपैकी काहीतरी प्रत्येकाचे दुखत असे. ज्याच्या हातून पट्टी संपेल त्याने दुसऱ्या दिवशी नवी आणून टाकायची, एवढाच नियम होता. तो कोणी मोडल्याचे ऐकले नाही. भाऊ रोज एक गोळी घ्यायचा. खड्याने दुखत असेल तेव्हा तीन.

मी जालन्यात एका दैनिकाचा बातमीदार होतो, अजूनही आहे. दोन वर्षांपूर्वी फेब्रुवारीत इथल्या एका महाविद्यालयात किडनीवर संशोधन करणाऱ्या एका डॉक्टर बाईंचे व्याख्यान होते. त्या मूळच्या तीर्थपुरीकडच्या. समोर विज्ञान शाखेची मुले होती, पहिल्या रांगेत प्राध्यापक होते, आणि एका कडेला मी. विषय असा होता की खडा किडनीत तयार कसा होतो यापेक्षा तो तिथे थांबतो कसा.

त्यांचे म्हणणे मी वहीत असे टिपले होते. बारीक स्फटिक बहुतेक सगळ्यांच्याच लघवीत अधूनमधून तयार होतात. किडनीच्या आतल्या केसासारख्या नळ्यांमधून लघवी वाहते, ते स्फटिक काही मिनिटांत वाहून जातात. तेवढ्या वेळात एखाद्याचा खडा होणे अवघड. खडा व्हायचा तर स्फटिकाला कुठेतरी धरून बसावे लागते. नळीला आतून पेशींचे अस्तर असते. पेशी धडधाकट असेल तर तिच्या पृष्ठभागावर स्फटिक टिकत नाही. पेशीला इजा झाली की जी प्रथिने एरवी आत असतात त्यांतली काही बाहेरच्या अंगाला येतात, आणि स्फटिक त्यांना चिकटतात. त्यांनी फळ्यावर दोन नावे लिहिली, ॲनेक्सिन आणि ऑस्टिओपॉन्टिन. दुसरे विचित्र वागते, असे त्या म्हणाल्या. लघवीत मोकळे तरंगत असेल तर ते स्फटिकांना वाढू देत नाही. तेच पेशीच्या अंगावर बसलेले असेल तर त्यांना धरून ठेवते, असे काही प्रयोगांत दिसले आहे.

मुलांच्या चेहऱ्यांकडे पाहून त्या थांबल्या. मग म्हणाल्या, "लहानपणी आम्ही बांधावरून शाळेत जायचो. परकराला कुसळं लागायची. नव्या, गुळगुळीत परकराला कमी. ज्याची सुतं निघालीत त्याला गच्च. आणि एक कुसळ ओढून काढलं की अजून एक सूत निघायचं, मग तिथं दुसरं लागायचं. चिकटलेला स्फटिकही तेच करतो. पेशीला जखम करतो, आणि पुढच्यासाठी जागा करून ठेवतो."

एका प्राध्यापकाने विचारले, "मग पेशीला इजा होते कशाने?"

"पुष्कळ गोष्टींनी. वारंवार अंगातलं पाणी आटणं, जंतुसंसर्ग, दुखण्याच्या गोळ्या रोज घेणं. उन्हात काम करणाऱ्यानं कोरड्या अंगावर ती गोळी घेतली तर किडनीचा रक्तपुरवठाच कमी होतो. मात्र एक सांगते. प्रथिनांचं हे बरंचसं काम काचेच्या ताटलीतल्या पेशींवर आणि उंदरांवर झालेलं आहे. माणसात नेमकं किती लागू पडतं, ते अजून शोधतोय."

शेवटी त्यांनी मुलांना सांगितले की घरी कोणाला मुतखडा असेल तर भरपूर पाणी प्यायला सांगा, गोळ्या जपून घ्यायला सांगा, आणि दुखणे थांबले म्हणजे खडा गेला असे समजू नका, सोनोग्राफी करून खात्री करा.

मी कार्यालयात येऊन बातमी लिहिली. आमच्या धंद्याची एक पद्धत आहे. सगळ्यात महत्त्वाचे वर, त्याहून कमी महत्त्वाचे खाली. जागा कमी पडली की पान लावणारा शेवटून कापतो, त्याला वाचायची गरज पडू नये अशी बातमी लिहायची. मी ती पद्धत चोख पाळत आलो होतो. पाणी पिण्याचा सल्ला वर ठेवला, कारण तो कोणालाही कळतो. पेशी, प्रथिने, गोळ्या, सोनोग्राफी हे खाली गेले. प्रथिन म्हटले की वाचकाला डाळ आणि अंडी आठवतात, हा माझा अंदाज होता.

संध्याकाळी पान लावणाऱ्या सहकाऱ्याचा फोन आला. "एका निविदेची जाहिरात आलीय आयत्या वेळी. तुमच्या आठ ओळी जास्त होतायत."

"खालून काढा," मी म्हणालो.

संभाषण एवढेच. दुसऱ्या दिवशी बातमी छापून आली. मथळा होता, 'भरपूर पाणी प्या, मुतखडा टाळा'. खाली माझे नाव होते. बातमीत एकही चूक नव्हती.

माझे नाव असलेली प्रत्येक बातमी भाऊ वाचत नसे, पण ही त्याने दोनदा वाचली. वहिनीकडून मैद्याची खळ शिजवून घेतली, कात्रण पुठ्ठ्यावर चिकटवले, वर प्लास्टिक घातले आणि मिलमध्ये नेऊन पिंपाच्या वर भिंतीला ठोकले. महिनाभराने मी दुसऱ्या एका बातमीसाठी तिकडे गेलो तेव्हा त्याने मला हाताला धरून त्या खोलीत नेले.

टोळीतला सगळ्यात जुना माणूस मंठ्याकडचा होता. त्याला सगळे मामा म्हणत. तो ग्लास धरून कात्रणाखाली उभा होता.

"मामा, हा माझा भाऊ. यानंच लिव्हलंय ते."

मामाने मला वरपासून खालपर्यंत पाहिले. "बराबर लिव्हलंय साहेब. पर निम्मंच लिव्हलं."

"निम्मं कसं?"

"पाणी पिलं की मुताया लागतंय. मुताया गेलं की मुकादम म्हणतो, कुठं गेल्ता? ते बी छापा ना. मुकादमाचा फोटो टाका वाटल्यास."

सगळे हसले. मीही हसलो. भाऊ म्हणाला, "आता तर पेपरात आलंय म्हणून सांगतो मी मुकादमाला. काय बोलंल त्यो?" बोलता बोलता त्याने डबा उघडला, एक गोळी काढली, पिंपातून ग्लास भरला आणि घोटाबरोबर गिळली. कात्रण त्याच्या डोक्याच्या वर होते. मी ते पाहत होतो. माझ्या वहीतले गोळ्यांचे वाक्य मला तेव्हा आठवले, असे मी म्हणणार नाही. ते आठवले नाही.

त्या उन्हाळ्यात पाचवा खडा आला. पाठीच्या डाव्या बाजूला सुरू झालेली कळ जांघेपर्यंत उतरायची. भावाला आता काय करायचे ते ठाऊक होते. पाच-सहा लिटर पाणी, दिवसाला तीन गोळ्या, आणि गाळणी. कामावर तो जात राहिला. नऊ दिवस असे गेले. दहाव्या दिवशी सकाळी तो मोकळा होऊन उठला.

मी त्या दिवशी जेवायला त्यांच्याकडे होतो. वहिनीने शिरा केला होता.

"पडला वाटतं," मी म्हणालो.

"पडला. बिलकुल दुखत न्हाई. तुझ्या पाण्यानं काम केलं बघ."

वहिनी वाढता वाढता थांबली. "पडला तर दाखवा ना. गाळणीत तर काई आल्तं न्हाई."

"मिलमधी पडला असंल. तिथं काय गाळणी घेऊन बसू? मामा म्हणंल चहा पाज."

तिने फडताळावरची डबी उचलून हलवली. "चारच वाजतेत."

"चारच वाजतेत म्हणे! तू काय कोर्टात उभं करतीस का त्याला?"

मी हसलो आणि शिरा खाल्ला. वहिनीने डबी परत ठेवली. पुढे बरेच दिवस तिने गाळणी खिळ्यावरून काढली नाही.

सहा महिने काही झाले नाही. हे वाक्य मी तेव्हाच्या समजुतीने लिहितो आहे. भाऊ कामाला जात होता, जेवत होता, चुलत पुतणीच्या लग्नात पंगतीत वाढत होता. पाठ दुखायची ती नेहमीची, म्हणून रोजची एक गोळी चालू होती. दिवाळीनंतर मिलमध्ये कामगारांची तपासणी झाली. त्याचा रक्तदाब जास्त निघाला. तपासणाऱ्या डॉक्टरने जुन्या खड्यांचे ऐकले आणि सोनोग्राफी लिहून दिली. भाऊ म्हणाला, "फालतू खर्चा." वहिनीने त्याला स्वतः नेले. मीही गेलो.

सोनोग्राफी करणाऱ्या डॉक्टरांनी उजवी बाजू पाहिली, मग डावी. डावीवर ते बराच वेळ थांबले. पडद्यावर एक काळा फुगा दिसत होता आणि त्याच्या कडेने पांढरी बारीक रेघ.

"दुखायचं कधी थांबलं?" त्यांनी विचारले.

"उन्हाळ्यात. खडा पडला मंग थांबलं."

"आणि नंतर?"

"काईच न्हाई. एकदम आराम."

डॉक्टरांनी पडदा आमच्याकडे वळवला. खडा पडलेला नव्हता. किडनीतून खाली येणाऱ्या नळीत तो अडकला होता. वरची लघवी साठून किडनी फुगली होती. "दुखत होतं तोवर ती काम करत होती," ते म्हणाले. "लघवी बनत होती, पुढे जायला वाट नव्हती, दाब वाढत होता, म्हणून कळा येत होत्या. हळूहळू तिनं काम सोडलं. दाब उतरला. दुखणं थांबलं."

"मंग हे काळं काय हाये?" भावाने विचारले.

"साठलेलं पाणी."

"आन् किडनी?"

डॉक्टरांनी पांढऱ्या रेघेवर बोट ठेवले.

छत्रपती संभाजीनगरला आणखी एक तपासणी झाली. त्यात शिरेतून औषध देतात आणि दोन्ही किडन्या किती किती काम करतात याची वाटणी यंत्र दाखवते. शंभरातले एक्क्याण्णव उजवीचे निघाले, नऊ डावीचे. तिथल्या सर्जननी सांगितले की पाठीतून बारीक नळी घालून साठलेले बाहेर काढू, सहा आठवडे थांबू. दाब गेल्यावर काही किडन्या थोड्याफार सावरतात. सावरली तर ठेवू. नाही सावरली तर काढावी लागेल, कारण आत जंतुसंसर्ग सुरू झाला आहे.

सहा आठवडे भाऊ घरी होता. पाठीतून निघालेली नळी बनियनच्या खालून येऊन कमरेच्या पिशवीला जोडलेली होती. रोज सकाळी पिशवी मोजपात्रात रिकामी करून आकडा लिहायचा होता. ते काम मी घेतले. कार्यालयात जायच्या आधी मी त्यांच्याकडे जायचो. पहिल्या आठवड्यात आकडा वाढत गेला.

"वाढून राह्यलंय ना?" भाऊ रोज विचारायचा.

"वाढतंय," मी म्हणायचो.

आकडा खरा होता. पंधराव्या दिवशी दाखवायला गेलो तेव्हा सर्जननी पिशवी उजेडात धरली. आतले पाणी जवळजवळ रंगहीन होते. ते मला बाजूला घेऊन म्हणाले की मापावर जाऊ नका. चांगली किडनी रक्तातले टाकाऊ गाळून बाहेर काढते. हिच्यातून नुसते पाणी येते आहे. मी भावाला हे सांगितले नाही. दुसऱ्या दिवशी आकडा पुन्हा वाढला होता आणि मी तो त्याला सांगितला.

चौथ्या आठवड्यात एका सकाळी तो पलंगावर उजव्या कुशीवर होता. म्हणाला, "त्या डॉक्टरीण बाई आल्त्या ना जालन्याला. त्या पुरं काय म्हणल्या होत्या?"

"दादा, छापलंय की ते."

"छापलेलं मला पाठ हाये. पुरं काय म्हणल्या ते सांग. तू वहीत लिहितोस ना सगळं."

मी दुसऱ्या दिवशी वही घेऊन गेलो. वहिनी दारात उभी राहिली. मी सगळे वाचले. कुसळाची गोष्ट आली तेव्हा भाऊ म्हणाला, "बराबर. जुन्या धोतराला लई लागत्यात." मग गोळ्यांचे आले. शेवटचे वाक्य मी वाचले. दुखणे थांबले म्हणजे खडा गेला असे समजू नका, सोनोग्राफी करून खात्री करा.

आम्ही तिघेही पिशवीकडे पाहत होतो.

"हे छापलं न्हाई," भाऊ म्हणाला.

"नाही."

"कामून?"

"जागा नव्हती. एक जाहिरात आली."

"किती जागा लागली असती?"

मी दोन बोटांमधले अंतर दाखवले. आठ ओळी तेवढ्याच भरतात.

त्याने माझ्या बोटांकडे पाहिले. मग डोळे मिटून म्हणाला, "जाहिरातीवरच पेपरचं पोट हाये बाबा."

वहिनी आत आली आणि तिने माझ्यासमोरचा चहाचा कप उचलला. तो अर्धा भरलेला होता. "भाऊजी, एक विचारू का? पाणी प्या हे सांगायला पेपर कशाला लागतो? ते तर दारातली म्हैस बी सांगती. जे आम्हाला ठावं न्हाई ते तुम्ही खाली लिहिता, आन् मंग खालूनच कापता."

"अगं, त्याला कामून बोलतीस? मी काय त्याचा पेपर वाचून गोळ्या खाल्ल्या का?"

"मी बोलले न्हाई. इचारलं."

मी वही मिटली.

त्याच आठवड्यात मी त्या डॉक्टर बाईंना फोन केला. व्याख्यानाची आठवण दिली, सगळी हकिकत सांगितली आणि विचारले की गोळ्यांमुळेच हे झाले का. "तसं मला म्हणता येणार नाही," त्या म्हणाल्या. "तुमच्या भावाच्या पेशींवर काय होतं ते कोणी पाहिलेलं नाही. भट्टी, कमी पाणी, गोळ्या, आधीचे चार खडे, घराण्यातला कल, यातलं कशानं किती, हे एका माणसाच्या बाबतीत सांगणं शक्य नाही. गोळीनं दुखणं दबलं असेल, तेही शक्य आहे." मग म्हणाल्या, "सोनोग्राफी वेळेत झाली असती तर मात्र नळी तेव्हाच मोकळी करता आली असती. ते मी शेवटी सांगितलं होतं ना?"

"सांगितलं होतं," मी म्हणालो.

सहा आठवड्यांनंतरच्या तपासणीत नवाचे सात झाले होते. त्याआधीच्या चार दिवसांत भावाला दोनदा थंडी वाजून ताप आला होता. सर्जननी तारीख दिली. डावी किडनी काढली. अडकलेला खडा नळीच्या भिंतीत रुतून बसला होता, तो नळीच्या त्या तुकड्यासकट काढावा लागला. त्यांनी तो एका छोट्या बाटलीत घालून वहिनीच्या हातात दिला. तुरीच्या दाण्याएवढा होता, एका बाजूने काळपट, खरखरीत. डबीतल्या चारांपेक्षा फार मोठा नव्हता.

घरी सोडताना सर्जननी उजव्या किडनीची सोनोग्राफी दाखवली. तिच्यात एक-दोन ठिकाणी बारीक पांढरे ठिपके होते. "हे अजून खडे झालेले नाहीत," ते म्हणाले. "पण जागा धरलेली दिसते. दर तीन महिन्यांनी पाहायचं. दुखो वा न दुखो. भट्टी बंद. आणि ती गोळी या घरात पुन्हा दिसता कामा नये."

जालना जवळ आल्यावर वहिनी गाडीत म्हणाली, "भाऊजी, माझा डबा आणा मिलमधून."

"कोणता डबा?"

"माझं नाव हाये त्याच्यावर. त्याच्यातून लोक ती गोळी खाऊन राह्यलेत. आणा."

मी चार दिवसांनी गेलो. जाताना त्या आठ ओळी मोठ्या अक्षरात छापून घेतल्या होत्या, वहीतून जशाच्या तशा. फक्त प्रथिनांची दोन्ही नावे काढली आणि शेवटचे वाक्य सगळ्यात वर घेतले. टोळी नुकतीच बाहेर आली होती. मामा पिंपाशी होता. कात्रण जागेवर होते, प्लास्टिकच्या आत कागद पिवळा पडला होता. मी त्याच्या शेजारी नवा कागद लावला. मामाने तो एकेका शब्दावर बोट ठेवत मोठ्याने वाचला. खोलीतले सहा-सात जण ऐकत होते.

"हे मंग आधीच लावायचं ना साहेब," मामा म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता.

मी कात्रण काढायला हात घातला तर त्याने अडवले. "ऱ्हाऊ द्या. तुमच्या भावानं लावलंय. त्यो आला की इचारंल."

भाऊ परत भट्टीवर येणार नाही हे त्यांना माहीत होते. त्याला मिलने गेटजवळच्या वजनकाट्यावर काम द्यायचे कबूल केले होते. मी कात्रण तसेच ठेवले आणि डबा मागितला. खोलीत थोडी चुळबुळ झाली. एकाने डबा उघडून आतल्या पट्ट्या बाहेर काढल्या आणि इकडेतिकडे पाहिले. फळीवर दुसरे काही नव्हते. मग त्याने त्या एका प्लास्टिकच्या पिशवीत घातल्या आणि पिशवी टांगायला खिळा शोधला. भिंतीवर मोकळा खिळा एकच होता, माझ्या नव्या कागदाच्या खाली. पिशवी तिथे टांगली गेली. मामाने तीतून एक गोळी काढली, माझ्याकडे पाहिले, आणि म्हणाला, "खांदा उचलत न्हाई साहेब आज. वाचलं मी तुमचं. बराबर हाये ते." त्याने ग्लास भरला. भोंगा झाला तशी टोळी आत गेली.

वहिनीने डबा चिंच लावून घासला, उन्हात पालथा घातला, संध्याकाळी पुन्हा घासला. तरी स्वयंपाकघरात नेला नाही. भाऊ घरापुढच्या ओट्यावर खुर्चीत बसला होता. त्याने हॉस्पिटलची बाटली उघडून पाचवा खडा तळहातावर घेतला, उलटसुलट करून पाहिला आणि काळ्या डबीत टाकला. डबी त्याने हलवली नाही. माझ्याकडे दिली.

"तू ठेव. ऑफिसात तुमच्या लई असायच्या अशा."

वहिनीने ती माझ्या हातातून घेतली. झाकण काढले, पाचही खडे ताटलीत ओतले आणि बोटाने एकेक बाजूला सारत मोजले. पुन्हा डबीत भरले आणि झाकण दाबून बसवले.

"पाच," ती म्हणाली. मग मला विचारले, "उजवीची तारीख कोणती दिलीय?"

मी वही काढून पाहिली आणि तारीख सांगितली. ती आत गेली, कॅलेंडरवर खूण करून आली आणि ऑपरेशनच्या वेळी काढून ठेवलेली लाल दोऱ्याची गाळणी न्हाणीघराच्या दारामागच्या त्याच खिळ्याला पुन्हा टांगली.